चेहऱ्याची चांदी

पैंजनं द्या, वाळे द्या, करदोडा द्या, मोडका चमचा असन तं तोही द्या. पन हे जे तुमी रुमालात बांधून आनलं, ज्याले नाक-डोळे हायेत, ते मी घेत नाई. राग मानू नका. शेलूबाजारात आनखी दुकानं हायेत, तिथं दाखवा. नाईतं बसा, चहा सांगतो, अन् काहून घेत नाई ते ऐकून जा.

पयले माहा धंदा समजून घ्या. लोकाइले वाटते चांदीवाला भावात कमावते. भाव तं मोबाइलवर हाये, शाळेतल्या पोट्ट्यालेही माहीत. आमी कमावतो ते दुसऱ्या जागी. तुमी वाळा आनला का मी त्याले छन्नीनं काप मारतो, आतून पाह्यतो, कसोटीवर घासतो अन् तोंड वाकडं करतो. शंभरात ऐंशी चांदी असन तं म्हनतो, टंच पासष्टच लागते. मंग जोडाच्या डागाची घट, मळाची घट, आत लाख भरली असन तं तिची घट. तुमी उठेपर्यंत दहा तोळ्यातले दोन तोळे माह्याकडं बसलेले असतात. अन् वस्तू जुनी, हातघडाईची निघाली तं मी ती गळवतच नाई. तुमाले मोडीचा भाव द्यायचा अन् शहरातल्या जुन्या वस्तूवाल्याकडून कारागिरीचे पैसे घ्यायचे. याले चोरी म्हना. मी चाळीस वर्षं धंदा म्हनलं.

माही बायको वैजयंती म्हने, "तुमी काट्यावर बसले तं सोताचीही घट धराल." कारंज्याची पोरगी, जिभेले हाड नाई. लेकरू झालं नाई आमाले. घरात आमी दोघंच, दिवसभर एकमेकाइवर खेकसाचं अन् एका ताटात जेवाचं. बाकी काही कमी नव्हतं, बापा.

आता टाकाचं ऐका. आमच्या भागात बायको मेली अन् नवऱ्यानं दुसरं लगन केलं, तं दुसरी पयलीचा टाक गळ्यात घालते. टाक म्हंजे चांदीचा दोन बोटाएवढा पत्रा, त्यावर मेलेल्या बाईचं रूप उठवलेलं. नवं लुगडं पयले टाकाले लावाचं, मंग आपन नेसाचं. जेवाले बसलं का पयला घास तिचा. माहा बाप याच गादीवर बसे. असा टाक इकाले आला तं तो म्हने, "जी बाई त्याले जेवू घालते, तिनंच त्याच्या तोंडावर पयला घाव घालावा. मंगच घ्यायचा. त्याच दिवशी गळवाचा. चेहऱ्याची चांदी घरी न्यायची नाई." काहून, म्हनून मी कधी इचारलं नाई. बापाले इचारनं म्हंजे कानाखाली खानं.

ज्या साली चांदी लाखाच्या पार गेली, त्या साली बायाइनं ट्रंका उपसल्या. रोज दुकानापुढं रांग. एका मंगळवारी इंझोरीची पंचफुला आली. गुलाबरावची दुसरी बायको, भाजीपाल्याचा मळा हाये त्याइचा, बाजारात मेथी-सांबाराच्या जुड्या घेऊन बसे. हाडाची काडी झालेली बाई. गळ्यातला काळा दोरा तिनं दातानं तोडला अन् टाक माह्यापुढं टाकला.

"इका याले. मले नाई लागत आता."

"कोनाचा?"

"माह्या सवतीचा. देवला नाव. मी पाह्यली नाई तिले. पन सासू रोज आयकवे, देवला अशी, देवला तशी. डावखुरी होती म्हने, डाव्या हातानं मेथीच्या जुड्या बांधे अन् माह्या दुप्पट बांधे. बारा वर्षं झाले, भाऊ. बारा वर्षं मी तिच्या मांगून जेवते. खाते अन् अंगी लागत नाई. डॉक्टर म्हनते काही नाई. सासू गेली मांगच्या महिन्यात. आता मले एकदा तरी पयला घास खाऊ द्या."

असं बोलून ती रडली नाई. हात पुढं केला अन् म्हनली, "हातोडी द्या. माय म्हने, तोंडावर घाव घालून द्यावं लागते."

तिले माहीत होतं! मी हातोडी देली. तिनं टाक ऐरनीवर ठेवला, हातोडी उचलली. अन् माही नजर त्या कामावर गेली. काय काम होतं! देवलाचा रुंद जबडा, पदराची घडी, नाकातली नथ, डाव्या हातात धरलेली जुडी, सारं केसाएवढ्या रेघेत. असं काम करनारे हात आता राह्यले नाईत. याचे मोडीचे किती अन् जुन्या वस्तूवाल्याकडून किती, हिशेब माह्या डोक्यात आपोआप होते, सवयच हाये. मी तिचा हात धरला.

"राहू दे वो, बाई. घाव नको घालू. मी पाह्यतो काय कराचं ते."

"गळवसान ना आजच?"

"आजच. युसूफभाईची भट्टी पेटलेलीच हाये."

काट्यावर अकरा ग्राम सहाशे चाळीस मिली भरला. टंच नव्वदच्या वर होता, मी सत्तर सांगितला. मळाची घट धरली. तिनं पैसे मोजलेही नाईत. जाताजाता इचारलं, "वापस तं नाई ना येनार?"

"मोड एकदा घेतली का वापस नसते," मी म्हनलं.

टाक सदऱ्याच्या खिशात घालून मी घरी गेलो. बस, तेवढीच चूक. पाहाले गेलं तं एवढीशी.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीनं सदरा धुवाले काढला तवा टाक तिच्या हातात आला. मी जेवाले बसलो तं देव्हाऱ्यात देवाइच्या बाजूले ही बाई उभी, कपाळाले हळद-कुंकू, पुढं वाटीत वरनभाताचा घास.

"हे काय लावलं?" मी म्हनलं.

"सवाष्ण दिसते. घरात आलेल्या बाईले उपाशी ठेवू काय? तुमच्या खिशात काय खाल्लं असन तिनं? तिथं तं मले बी काही भेटलं नाई."

मी हसलो. आठ दिवसात तं टाक शहरातल्या जुन्या वस्तूवाल्याकडं जानार होता. जुन्या वस्तूवाल्यानं फोनवर बरोब्बर वजन इचारलं, म्हनून आठ दिवसानं मी टाक दुकानात नेला अन् काट्यावर ठेवला.

तेरा ग्राम शंभर.

मले वाटलं काटा बिघडला. बाट ठेवून पाह्यले, काटा बरोबर. वाटलं हळद-कुंकू चिकटलं असन. रिठ्याच्या पान्यात उकळला, ब्रशनं घासला, पुसून ठेवला. तेरा ग्राम शंभर. चाळीस वर्षांत मी कमी होनारी चांदी पाह्यली. घासली का कमी, गळवली का कमी, माह्या दुकानात आली का कमी. वाढनारी चांदी मी पयल्यांदा पाह्यत होतो. भर दुपारी, रस्त्यावर जिपा मंगरूळ-मंगरूळ करून वरडून राह्यल्या होत्या, अन् माह्या अंगावर काटा आला.

आता खरं सांगतो. भेव वाटलं ते घटकाभर. मंग मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, टाक पालथा केला, अन् कानशीनं मांगून घासाले लागलो. वाढलेली चांदी घासून काढली, एका डबीत भरली. अकरा सहाशे चाळीसवर आनला अन् घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवून देला. वैजयंतीनं संध्याकाळी पयला घास देला. पुढच्या शनिवारी पुन्हा दीड ग्राम जास्त.

जुन्या वस्तूवाल्याले मी नाई म्हनून सांगितलं. दुभती म्हैस कोनी इकते काय? दर शनिवारी टाक पालथा कराचा, कानस माराची, डबी भराची. भाव आनखी चढला का डबी गळवू, असा इचार. तोंडाकडं मी पाह्यतच नव्हतो. आमच्या धंद्यात तोंड गिऱ्हाइकानं पाहाचं असते, आमी काप पाह्यतो.

दिवाळीच्या आसपास वैजयंती म्हनली, "माहे जोडवे ढिले झाले वो. सकाऊन सडा टाकतानी एक गळून पडलं."

मी जोडवं कापलं, जास्तीचा तुकडा काढला, चिमट्यानं दाबून देलं. तुकडा त्याच डबीत टाकला, सवयीनं. पंधरा दिवसानं पुन्हा ढिले. पुन्हा कापले. तिसऱ्या खेपेले तिचं बोट हातात धरलं अन् माहा हात थांबला. बोट नव्हतंच ते, तुरीची काडी होती. वर पाह्यलं तं गाल बसलेले, डोळे आत गेलेले. रोज एका ताटात जेवत होतो मी तिच्यासंग! मले दिसलं कसं नाई?

वाशीमले नेलं. रक्त तपासलं, साखर, थायरॉइड, पोटाचा फोटो. डॉक्टर म्हनला सारं बरोबर हाये, जेवू घाला चांगलं. ती जेवतच होती. दोन पोळ्याच्या तीन खाये. खाये अन् अंगी लागत नव्हतं. हे शब्द मी कुठंतरी ऐकले होते. गाडीत बसल्यावर आठवलं, पंचफुलेच्या तोंडून.

घरी आलो तं ती थकून ओसरीत बसली अन् बाजारातून आनलेली मेथी निवडाले लागली. निवडता निवडता सुतळीच्या तुकड्यानं जुड्या बांधाले लागली. भराभर, एकसारख्या.

"हे कधी शिकली?" मी इचारलं.

तिनं आपल्या हाताकडं पाह्यलं. गाठ डाव्या हातानं मारलेली होती. "कोन जाने," ती म्हनली, अन् जुडी अशी खाली ठेवली जशी ती दुसऱ्याची होती.

मी त्याच पावली टाक उचलला अन् बाजारात पंचफुलेकडं गेलो. ओळखू आली नाई मले. गाल भरलेले, हातात बांगड्या रुतलेल्या, तोंडात पान. माह्या हातातला टाक पाह्यला अन् तिचं हसू जागच्या जागी मेलं.

"गळवला नाई तुमी."

"बाई, वापस घे. पैसे बी ठेव, आनखी पाह्यजे तं आनखी देतो. माही बायको मरून राह्यली."

ती उठून दोन पावलं मांगं सरली. "मोड वापस नसते म्हनले होते ना तुमी? हातोडी माह्या हातात होती, भाऊ. वर उचललेली होती. तुमीच हात धरला माहा." मंग आवाज खाली आनून म्हनली, "तुमच्या बायकोचं वाईट वाटते मले. खरंच वाटते. पन मी पुन्हा दुसरी होनार नाई."

तिथून युसूफभाईकडं. बाजाराच्या मांगच्या गल्लीत त्याची गळाईची भट्टी हाये, माह्या बापापासूनचा संबंध. सारं सांगितलं, डबीसकट. तो भट्टीचा भाता सोडून उठला.

"देवमनभाऊ, शनिवारच्या शनिवार घासत होता? बेशरम मानूस." मंग म्हनला, "भाभीले आना. जिनं खिलवलं, तिच्याच हातचा पयला घाव. तुमच्या वालिदसाहेबाचाच नेम हाये, मी काही नवीन नाई सांगून राह्यलो. त्याच्याबिगर मी मूस चढवत नाई."

घरी येऊन मी वैजयंतीचे पाय धरले. काही लपवलं नाई, डबीही दाखवली. ती रागावली नाई, तेच मले सहन झालं नाई. रोज खेकसनारी बाई, शांत बसून ऐकत राह्यली.

"मले वाटलंच होतं," ती म्हनली. "देव्हाऱ्यापुढं बसली का मले वाटे कोनी माह्या आतून उठून तिकडं जाऊन राह्यलं. थोडं थोडं."

"मंग चल. एक घाव घाल अन् मोकळी हो."

"तिच्या तोंडावर? चार महिने जेवू घातली मी तिले." तिले धाप लागली. "पाहू उद्या. आज हातात जीव नाई. झोपू द्या."

उद्या! तिचा श्वास असा चालला होता की मले उद्याचा भरोसा वाटला नाई. ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी तिच्या अंगावर चादर टाकली. मंग टाक घेतला, डबी घेतली, अन् निघालो. मले वाटलं, हातोडी कोनाच्या हातात हाये त्यानं चांदीले काय फरक पडते? बायको वाचली पाह्यजे, बस.

युसूफभाई नाई म्हनला. मी त्याच्या भट्टीपुढं डोकं ठेवलं. तो उठून दाराशी गेला अन् पाठ करून उभा राह्यला. "माहा हात यात नाई. भट्टी पेटलेली हाये, तुमाले काम येते. जे कराचं ते करा. पन थांबले असते तं बरं झालं असतं."

मी टाक ऐरनीवर ठेवला. चार महिन्यांत पयल्यांदा सुलटा ठेवला. हातोडी उचलली अन् जोरात आनली, अन् ती खाली येता येता माही नजर त्या तोंडावर पडली.

रुंद जबड्याची देवला नव्हती ती. निमुळती हनुवटी होती. उजव्या भुवईवर लहानपनच्या पडल्याची खूण होती. ती खूण मी अंधारातही बोटानं ओळखली असती.

हात थांबला नाई. चांदी मऊ असते, आवाज बसका येते.

त्यानंतर मी काय केलं ते मले पुरं आठवत नाई. चेहरा चपटा झाला होता, तो पुन्हा उठत नाई. युसूफभाईनं येऊन माह्या हातातून हातोडी काढली. आता जे राह्यलं ते एकत्र तरी राहू दे, म्हनून त्यानंच टाक अन् डबीतला सारा भुसा, जोडव्याचे तुकडे, सारं मुशीत घातलं. चांदी लवकर गळाले सवागी टाकली. गार झाल्यावर गोळी काट्यावर ठेवली. टाकाचं वजन अन् डबीचं वजन, मिलीले मिली तेवढंच.

"या अल्ला," तो म्हनला. "घट न आलेली गळाई मी उमरभरात नाई पाह्यली."

गोळी मुठीत घेऊन मी घरी पळालो. चार वाजले असतील. ओसरीत ऊन होतं. आतून फोडनीचा वास येत होता. वैजयंती चुलीपुढं बसली होती, ताठ, अन् तिच्या गालावर रंग होता. माहा जीव भांड्यात पडला. मी दारातच बसलो अन् लहान पोट्ट्यावानी रडलो.

"या," ती म्हनली. "हात धुवा. बसा."

दोन ताटं वाढलेली होती. लगन झाल्यापासून आमच्या घरी एकच ताट राहे. मी हात धुवून बसलो. ती माह्यापुढं बसली, भाकर मोडली, मेथीच्या भाजीत बुडवली, अन् तो पयला घास ताटाच्या बाहेर, वेगळ्या वाटीत ठेवला. डाव्या हातानं.

मी वाटीकडं बोट केलं. "हे कोनासाठी?"

"वैजयंतीसाठी," ती म्हनली. अशी म्हनली जशी ही इचाराची गोष्टच नाई. मंग माह्या मुठीकडं पाह्यलं. "आनली ना गोळी? रिसोडले जा अन् तिचा टाक करून आना. मी आता दुसरी. मले घालाच लागन." अन् जेवाले लागली, पोटभर, किती दिवसाची उपाशी असल्यासारखी. दोन घास गिळून म्हनली, "अन् त्यातून काही काढून ठेवू नका. मले वजन माहीत हाये."

रिसोडच्या कारागिराले मी वैजयंतीच्या लगनातला फोटो देला. त्यानं इचारलं, कधी वारल्या? मी म्हनलं, माह्या हातोडीच्या घावासंग.

तवापासून ती टाक गळ्यात घालते. घर चांगलं सांभाळते, मले वेळेवर वाढते, कधी खेकसत नाई. लोक म्हनतात देवमनची बायको आजारातून उठली अन् देवमानूस झाली. मी हो म्हनतो. पयला घास ती रोज वैजयंतीले देते, नेम चुकवत नाई. पन तिच्या घासानं टाक वाढत नाई. चार शनिवार मी वजन करून पाह्यलं, जसंच्या तसं.

मंग पाचव्या शनिवारपासून मी माह्या ताटातला पयला घास द्याले लागलो.

हे पाहा, पट्टा पाहा माहा. तीन भोकं आत गेला. सदरा खुंटीवर टांगल्यावानी दिसते, तुमी आल्या आल्या पाह्यलं ते मले समजलं. डॉक्टर म्हनते काही नाई. आज सकाऊनच टाक काट्यावर ठेवला होता. नऊ ग्रामनं वाढला, बापा, नऊ ग्रामनं! मी मांगून पाह्यलाच नाई, तोंडच पाह्यत बसलो. भुवईवरची ती खूण कारागिरानं काढली नव्हती, फोटोत दिसतच नाई ती. आता बारीकशी दिसाले लागली.

कानस मी बेंबळ्या नाल्यात फेकून देली. घ्या, चहा घ्या, गार झाला. अन् तो रुमाल घरी न्या. त्या बाईले जेवाची वेळ झाली असन.